तगादा नसलेले ऋण

प्रार्थना आणि नवस या दोन गोष्टी लोकव्यवहारात एकत्र नांदत असल्या, तरी त्यांची घडण वेगळी आहे. प्रार्थनेत माणूस मागतो किंवा नुसता शरण जातो. नवसात तो मागतो आणि त्याच वेळी काही देण्याचे कबूल करतो, परंतु ते देणे मागणे पूर्ण झाल्यावरच लागू होते. व्रत, म्हणजे फळाच्या इच्छेने ठरावीक नियम ठरावीक काळ पाळणे, याहूनही नवस निराळा आहे, कारण सोळा सोमवारांसारख्या व्रतात आधी आचरण आणि मग फळ असा क्रम असतो, तर नवसात आधी फळ येते आणि आचरण मागे उरते. व्रत करणाऱ्याला फळाची आशा पुढे ओढत असते; नवस फेडणाऱ्याला ओढणारे काहीच शिल्लक नसते, कारण जे हवे होते ते हाती आलेले असते. नवसाविषयीचा बहुतेक वाद मागण्याच्या योग्यायोग्यतेवर खर्च होतो आणि या दुसऱ्या, अवघड अर्ध्या भागाकडे फारसे कोणी पाहत नाही.

उज्जैनमध्ये या मागे उरलेल्या भागाला डोळ्यांना दिसणारे रूप लाभले आहे. शहराबाहेर काही किलोमीटरवर असलेल्या चिंतामण गणेशाच्या मंदिरात, जेथे चैत्रातल्या बुधवारी जत्रा भरते, इच्छा मनात धरून आलेला भाविक मागील भिंतीवर उलटे स्वस्तिक काढतो आणि इच्छा पूर्ण झाली की पुन्हा येऊन सुलटे काढतो. हरसिद्धीच्या अंगणात मराठेशाहीतल्या बांधणीच्या दोन उंच दीपमाळा आहेत आणि त्या उजळण्याचा खर्च मनोरथ सिद्धीस गेलेली कुटुंबे उचलतात. काळभैरवाच्या देवळाविषयी स्थानिक परंपरा सांगते की पानिपतच्या १७६१ मधील पराभवानंतर महादजी शिंद्यांनी आपली पगडी देवाला वाहून उत्तरेत मराठी सत्ता पुन्हा उभी राहावी अशी प्रार्थना केली आणि यश आल्यावर त्या मंदिराचा जीर्णोद्धार केला.

जुन्या शहरापासून रेल्वेमार्गाने वेगळे झालेले माधवनगर, जे बोलण्यात फ्रीगंज म्हणूनच अधिक ओळखले जाते, आपल्या नावात शिंदे राजवटीची आठवण बाळगून आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास राजधानी ग्वाल्हेरला नेल्यानंतरही उज्जैनमध्ये मराठी कुटुंबे राहिली आणि त्यांच्या धर्मजीवनाला एक दुहेरीपण आले: रोजचा देव महाकाळ, तर कुलदैवत जेजुरीला, तुळजापूरला किंवा कोल्हापूरला. त्यामुळे त्यांचे नवसही दोन दिशांना जातात. जवळचे सहज फेडले जातात आणि दूरचे ‘यंदा नाही जमले, पुढच्या वर्षी जाऊ’ या वाक्यावर वर्षानुवर्षे थांबतात. पुढील संवादातील दोन व्यक्ती कल्पित आहेत. एक आहेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या आत्याबाई आणि दुसरा त्यांचा भाचा, जो उज्जैनच्या न्यायालयात वकिली करतो. त्यांची मते मात्र अशा घरांतून खरोखर ऐकू येणारी आहेत.

भाच्याचा पहिला आक्षेप नवसाच्या मुळावरच आहे. “आत्या, देवाला अट घालणे ही मला प्रार्थना वाटतच नाही. मुलगा पास झाला तर पेढे, आजार बरा झाला तर अभिषेक, म्हणजे काम झाले नाही तर काहीच नाही. तुकोबांनी तर विचारलेच आहे की नवसाने मुले होत असती, तर पती करावा लागतो कशाला? ज्या परंपरेचा आपण अभिमान सांगतो, तिच्यातल्या सर्वांत मोठ्या भक्ताने नवस नाकारला आहे.”

आत्याबाईंना तुकोबांचा आक्षेप मान्य आहे, परंतु त्याची मर्यादा त्या दाखवून देतात. “त्यांचा रोख कार्यकारणावर आहे. मूल नवसामुळे होते असे जो मानतो, त्याला ते उत्तर आहे. संकटात हात जोडणाऱ्याला त्यांनी झिडकारलेले नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत: पीडेने गांजलेला तो आर्त, जाणून घेऊ पाहणारा तो जिज्ञासू, काही मिळवू इच्छिणारा तो अर्थार्थी, आणि ज्ञानी. ज्ञानी श्रेष्ठ असे म्हणूनही हे चौघेही उदार आहेत असे तेथेच लगेच सांगितले आहे. नवस बोलणारी बाई बहुधा आर्त असते. तिने मागू नये असे म्हणण्याचा अधिकार सुखात बसलेल्याला नाही.”

“मागू दे की! मागण्याला माझी हरकत नाही,” भाचा म्हणतो, “हरकत वचनाला आहे. देवाला पेढ्यांची गरज नसेल, तर कबुली कोणासाठी?”

येथे आत्याबाई जे उत्तर देतात, त्यावर या लेखाचा भर आहे. त्यांच्या मते माणसाची बुद्धी संकटात आणि सुखात एकसारखी राहत नाही, आणि नवस हा या दोन बुद्धींमधला करार असतो. मूल अतिदक्षता विभागात असते तेव्हा बापाला खात्री असते की आता देवच काय तो; मूल घरी आले की महिन्याभरात त्याला तितकीच खात्री वाटू लागते की औषध वेळेवर मिळाले, डॉक्टर हुशार होते आणि नवस बोललो नसतो तरी हेच झाले असते. दुसरे म्हणणे खोटे असेलच असे नाही. परंतु त्याचा आधार घेऊन पहिल्या वेळचे वचन लहान करत जाणे, अभिषेकाचा नारळ करणे आणि नारळाचा नुसता नमस्कार करणे, यात माणूस देवाला नव्हे तर रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या स्वतःलाच फसवत असतो. “त्या रात्रीचा तू खोटा होतास का, एवढेच नवस विचारतो,” असे त्या म्हणतात.

भाचा महादजींचे उदाहरण घेऊन हाच मुद्दा तपासून पाहतो. १७७१ साली मराठी फौजा दिल्लीत शिरल्या आणि १७७२ च्या आरंभी बादशहा शाह आलम तेथे परतला, यामागे महादजींच्या बरोबरीने विसाजी कृष्ण बिनीवाले आणि तुकोजी होळकर यांचे सैन्य होते आणि दिल्लीतल्या राजकारणाची बदललेली परिस्थितीही होती. इतिहास लिहिणारा यात काळभैरवाला स्थान देणार नाही. आत्याबाईंची तशी अपेक्षाही नाही. त्यांच्या दृष्टीने परंपरेत सांगितलेल्या या कथेचे महत्त्व दोन घटनांमधल्या अंतरात आहे, कारण पानिपतावर पाय गमावण्याची वेळ आलेला आणि आयुष्यभर लंगडत चालणारा सेनानी दहा-अकरा वर्षांनी सत्तेच्या शिखराकडे जात असताना पराभवाच्या दिवसांतील शब्द विसरला नाही, असे उज्जैनला आठवावेसे वाटते. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला केलेल्या नवसाची कथाही अशीच सांगितली जाते. किल्ला १७३९ मध्ये सर झाला, आणि आजही लोकांच्या बोलण्यात तोफांइतकेच वज्रेश्वरीचे देऊळ येते. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली ही परंपराही प्रसिद्ध आहे. तेथे तर वचन फेडताना धर्माची सीमाही आड आली नाही.

“मग सत्यनारायणाच्या कथेतला साधुवाणी कशासाठी?” भाचा विचारतो, आणि हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण नवस न फेडल्यास काय होते याची मराठी घरांतली कल्पना प्रामुख्याने या कथेने घडवली आहे. संतती झाल्यावर पूजा करीन म्हणणारा हा व्यापारी मुलगी कलावती जन्मल्यावर तिच्या लग्नापर्यंत पूजा पुढे ढकलतो, लग्नानंतर विसरतो, चोरीच्या खोट्या आळावरून जावयासह चंद्रकेतू राजाच्या तुरुंगात पडतो आणि सुटल्यावरही दंडी संन्याशाशी खोटे बोलून नावेतला माल पालापाचोळा झालेला पाहतो. “यात देव आणि वसुलीला आलेला सावकार यांत मला फरक दिसत नाही. तो नाव बुडवील या भीतीने जी पूजा होते, तिला प्रामाणिक प्रार्थना कशी म्हणायची?”

आत्याबाई कथेतील शिक्षेवर रेंगाळत नाहीत. त्या साधुवाण्याच्या सबबींकडे लक्ष वेधतात. मुलीच्या लग्नात पूजा करू हे म्हणणे वाईट नव्हते, उलट त्यात पूजा अधिक थाटाने करण्याचा हेतू होता, आणि नवस बहुतेक वेळा अशा चांगल्या हेतूनेच बुडतो. याच प्रकारची त्याहून प्राचीन कथा ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेत, म्हणजे त्या ग्रंथाच्या सातव्या विभागात, आहे. निपुत्रिक हरिश्चंद्र वरुणाला सांगतो की मला मुलगा होऊ दे, मी त्यानेच तुझे यजन करीन. रोहित जन्मतो आणि वरुण येतो, तेव्हा राजा म्हणतो की दहा दिवस होऊ देत; मग दात येऊ देत; मग दात पडू देत; मग पुन्हा येऊ देत; मग क्षत्रियाचा मुलगा शस्त्र धरू लागू दे. प्रत्येक मुदत शास्त्रशुद्ध वाटते आणि प्रत्येक वेळी वरुण ती मान्य करतो. “कथेत वरुण निदान दाराशी येतो,” आत्याबाई म्हणतात. “माधवनगरात कोणी येत नाही. बँकेची नोटीस येते, नगर निगमचे बिल येते. चिंतामणकडून काही येत नाही. जेथे तगादा नाही तेथेही देणे द्यायचे, हा सराव माणसाला दुसरीकडे कुठे मिळणार?”

भाचा मात्र ही कथा येथे सोडत नाही, आणि संवादाला खरे वळण मिळते ते येथे. रोहित अरण्यात निघून जातो, हरिश्चंद्राला जलोदर होतो, आणि अखेर अजीगर्त नावाच्या भुकेल्या ब्राह्मणाकडून शंभर गाईंना त्याचा मधला मुलगा शुनःशेप विकत घेतला जातो. यूपाला, म्हणजे यज्ञस्तंभाला, त्याला बांधायला बापच आणखी शंभर गाई घेतो आणि मारायला आणखी शंभर. “वचन राजाचे, मूल भुकेल्याचे,” भाचा म्हणतो. “आणि पुढे काय होते ते तूच मला शिकवलेस. बांधलेला मुलगा एकामागून एका देवाची स्तुती करतो आणि त्याचे पाश गळून पडतात, राजाही बरा होतो. त्या मुलाने कोणालाही काही कबूल केले नव्हते. देव पावला तो नवसाला नाही, प्रार्थनेला.”

यावर आत्याबाई आपली बाजू सावरण्याऐवजी ती अधिक काटेकोर करतात. पूर्वमीमांसा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र, विश्वजित या यज्ञाचा विचार करते. त्यात यजमानाने सर्वस्व दान करायचे असते. तेव्हा या शास्त्राच्या, जैमिनींनी रचलेल्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रश्न येतो की सर्वस्वात आईबाप, मुले येतात का, सार्वभौम राजाला पृथ्वी देता येते का. उत्तर नकारार्थी आहे, कारण द्यायचे ते स्वतःच्या मालकीचेच असले पाहिजे, आणि आप्त कोणाच्या मालकीचे नसतात, तशी पृथ्वीही राजाच्या मालकीची नसते. “हा नियम ज्या नवसाने मोडला, तो नवस फेडण्यास मी बांधील मानत नाही,” असे त्या स्पष्ट सांगतात, आणि त्यांच्या मनात केवळ ब्राह्मणग्रंथातली कथा नसते. खंडोबाला मुरळी म्हणून किंवा यल्लम्माला देवदासी म्हणून मुली वाहण्याची चाल नवसावरच उभी होती. आईबापांनी शब्द द्यायचा आणि तो मुलीने आयुष्यभर फेडायचा, असा तो व्यवहार होता. मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला, त्याने अशा समर्पणाला बेकायदा ठरवले. कायद्याने येथे धर्माला आवर घातला असे म्हटले जाते, परंतु जैमिनींचा नियम लक्षात घेतला तर हे वचन धर्मदृष्ट्याही कधी जन्मलेच नव्हते. बायबलच्या जुन्या करारात, शास्ते या पुस्तकात, इफ्ताह हा सेनापती विजय मिळाल्यास घराच्या दारातून जे प्रथम सामोरे येईल त्याचा होम करीन असे बोलतो आणि त्याची एकुलती एक मुलगी नाचत बाहेर येते. तो शब्द पाळतो, आणि वाचणाऱ्याला त्याच्या निष्ठेचे कौतुक वाटत नाही, भय वाटते. त्याच ग्रंथसंग्रहातील उपदेशक या पुस्तकात नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा असा सल्ला आहे. इफ्ताहने फेडण्याआधी बोलतानाच थांबायला हवे होते.

भाचा आता वकिलाच्या भूमिकेत शिरतो. “मग पूर्वजांचे नवस? घरात आजारपण आले की कोणीतरी म्हणतेच की आजीचा तुळजापूरचा नवस राहिला असेल. न दिलेल्या वचनाची शिक्षा नातवाला?” याला जुन्या धर्मशास्त्रात एक आधार दाखवता येतो: कात्यायनाच्या एका वचनानुसार धर्मासाठी द्यायचे म्हणून बोललेले दान न देता कोणी वारला, मग ते त्याने निरोगी असताना बोललेले असो वा आजारात, तर ते त्याच्या मुलाकडून देववावे. परंतु आत्याबाई या वचनाचा भीतीसाठी वापर होऊ देत नाहीत. कात्यायन मालमत्तेच्या देण्याविषयी बोलतो, ज्याला वारसा मिळाला त्याने त्या वारशावरचा भार उचलावा एवढाच त्याचा न्याय आहे; नातवाचा ताप आजीच्या नवसाने येतो असे तो कुठेही म्हणत नाही, आणि आजारी घरात असे बोलणे हा त्यांना निर्दयपणा वाटतो.

अनपेक्षितपणे येथे भाचाच नवसाची बाजू घेतो. आजीचा राहिलेला नवस फेडायला तो स्वतः तुळजापूरला जाईल, असे तो म्हणतो, कारण त्यात भीती नाही आणि मागणेही नाही. जिने कोणासाठी तरी तो बोलला असेल, बहुधा त्याच्याच बापासाठी, तिचा शब्द अर्धा राहू नये एवढेच त्याला वाटते. आत्याबाई याला ऋण हा शब्द वापरतात: शास्त्रात देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन जन्मजात देणी सांगितली आहेत, आणि भाच्याचे तुळजापूरला जाणे पितृऋणात बसते, नवसात बसत नाही.

आपला नवस दुसऱ्याकडून फेडून घेण्याचा, म्हणजे प्रतिनिधीचा, प्रश्न आजच्या काळात अधिक बोचरा झाला आहे. माधवनगरातील घरांची मुले पुण्यात, बेंगळुरूत, परदेशात आहेत. घरबसल्या पूजेची नोंदणी होते, पैसे जातात आणि प्रसाद टपालाने येतो. जे पायी चालत येईन असे बोललेले होते, ते दुसऱ्याला चालवून फेडता येते काय? मीमांसेत यावरही विचार आहे. व्रीही, म्हणजे भात, मिळाला नाही तर नीवार हे रानधान्य त्याच्या जागी चालते, पण देवतेच्या जागी दुसरी देवता चालत नाही आणि यजमानाच्या जागी दुसरा यजमान चालत नाही. आत्याबाई यातून व्यवहाराचा नियम काढतात. गुडघे गेलेल्या बाईने पायी येण्याचा नवस वाहनातून येऊन फेडला तर तो फिटला, कारण बदलली ती केवळ सामग्री. धडधाकट मुलाने नोकराला पाठवले तर नवस फिटला नाही, कारण तेथे देणाराच बदलला. जिला अंथरुणातून उठताच येत नाही तिने काय करावे, या भाच्याच्या प्रश्नावर त्या म्हणतात की तिने तेथूनच हात जोडावेत आणि ते पुरे आहे, याविषयी त्यांच्या मनात किंचितही शंका नाही.

एक प्रश्न मात्र दोघेही सावकाश हाताळतात. चिंतामणच्या भिंतीवर किती उलटी स्वस्तिके कधीच सुलटी होत नाहीत? त्यांतली काही विसरलेल्यांची असतील, पण काही अशांची असतात ज्यांचे माणूस वाचले नाही. भाचा म्हणतो की नवसाला पावणारा देव असे म्हणताच ज्यांना तो पावला नाही त्यांच्यावर न बोलता ठपका येतो: श्रद्धा कमी पडली, सोवळे मोडले, काही चुकले. आत्याबाई हे पूर्णपणे मान्य करतात. व्यवहाराच्या दृष्टीने अशा माणसाचे काहीही देणे नाही, अट पुरी झाली नाही म्हणजे वचन संपले, आणि त्याने पुन्हा त्या देवळाची पायरी चढली नाही तरी त्याला कोणी दोष देऊ नये. नवस हा श्रद्धेची परीक्षा आहे ही समजूत त्यांना घातक वाटते, कारण परीक्षा मानली की मृत्यूचा अर्थ नापास होणे असा होतो.

“म्हणूनच मी नवस बोलत नाही,” भाचा म्हणतो. “माझी प्रार्थना अटीशिवाय आहे. मिळाले तरी तीच, न मिळाले तरी तीच.” निष्काम, म्हणजे फळाची अपेक्षा नसलेली उपासना, ही नवसापेक्षा वरची पायरी आहे हे आत्याबाई वादाशिवाय स्वीकारतात, पण तिच्याविषयी त्यांचा एक प्रश्न आहे. नवसाला अंत असतो. पेढे वाहिले, दीपमाळ उजळली की माणूस मोकळा होतो. अटीशिवाय केलेल्या प्रार्थनेत मोकळे होण्याचा दिवसच नसतो, आणि जो म्हणतो की मी रोज संध्याकाळी देवापाशी बसेन, त्याने कशाच्याही मोबदल्यात नसलेले आणि कधीही न संपणारे वचन दिलेले असते. “तुझे वचन माझ्यापेक्षा मोठे आहे, बाळा,” त्या म्हणतात. “ते चालू आहे का?”

भाचा खरे तेच सांगतो: खटल्यांची गर्दी असली की आठवडे जातात, अट नसल्यामुळे चुकल्याचे लक्षातही येत नाही, आणि संकट आले की मात्र आठवण होते. तरीही तो मत बदलत नाही. फेडीचा दिवस ठरवून घेतल्याने उपासना टिकत असेल, तर ती दिवसाच्या आधाराने टिकली असे त्याला वाटते. आत्याबाईंना असा आधार घेण्यात कमीपणा वाटत नाही, कारण त्यांच्या मते संध्याकाळची वेळ ठरवणे हाही तसाच आधार आहे आणि महाकाळाच्या आरत्याही घड्याळाप्रमाणेच होतात. त्या त्याला नवस बोलायला सांगत नाहीत. रोज किती वेळ बसणार ते त्याने आज ठरवावे आणि तो वेळ आपल्याला खरोखर देता येईल एवढाच धरावा, इतके त्या मागतात. भाचा आधी अर्धा तास म्हणतो, मग विचार करून दहा मिनिटांवर येतो.